उपरेनिवारक मंडळाचे कार्य

बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे देश बुडतो, हे गंभीर सत्य स्वतः बाहेर गेल्याखेरीज नीट उमजत नाही. आमच्या पोलादपूरच्या कुशाबाला ते मुंबईच्या गिरणीत उमजले. तुम्ही कोकणातले येता आणि आमच्या पोटावर पाय देता, असे तिथे त्याला रोज ऐकवले जाई. हा विचार त्याला इतका पटला, की आषाढात रजेवर येताना तो गावासाठी तोच घेऊन आला. (आईसाठी लुगडे आणायचे राहून गेले.)

घरी पाहतो तर जावळीकडून घाट उतरून आलेले सहदेव आणि ठमाबाई हे नवराबायको त्याच्याच शेतात भाताची रोपे उपटत होते. कुशाबाची आई राहीबाई गुडघ्यांनी अधू. तिने दोघांना कसायला ठेवून घेतले होते. कुशाबाचे डोळे पाणावले. देशाची ही स्थिती!

लगोलग उपरेनिवारक मंडळ निघाले. अध्यक्ष भागोजीराव झाले. त्यांचा मुलगा आफ्रिकेत मोंबासाला असतो आणि तिथले लोक आपल्याला परका म्हणतात म्हणून कळवळून पत्रे धाडतो. चिटणीस प्रस्तुत लेखक. मंडळाने बारकाईने चौकशी केली. घाटावरच्या लोकांमुळे मजुरीचे दर पडले होते (पाडले आम्हीच, पण घेतले त्यांनी). ते आमचा तांदूळ खातात, हेही सिद्ध झाले (पिकवल्यानंतर). शिवाय ते दिवस मावळेपर्यंत राबतात, त्यामुळे चहाच्या दुकानात बसलेल्या स्थानिक तरुणांचे मन खट्टू होते. सबब दोघांनी घाट चढून परत जावे, असा ठराव झाला.

"आमचं काय चुकलं, ते तरी सांगा," सहदेव म्हणाला.

"तुझं काय चुकलं नाय रे," भागोजीराव मायेने म्हणाले. "तुझा गाव चुकला."

ठमाबाईने उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधल्या, पाण्यात उभ्या केल्या आणि जाता जाता म्हणाली, "उद्याच लावून टाका. नायतर सडतील."

राहीबाई ओटीवर बसून पाहत होती. "कुशा, माझं गुडघं आता मंडळ चोळणार हाय?"

"आये, हा देशाचा प्रश्न हाय."

"मग देशाला सांग, चूल पेटव म्हणून."

दुसऱ्या दिवशी लावणीसाठी स्थानिक तरुणांना सन्मानाने पाचारण करण्यात आले. एवढ्या मजुरीत उपऱ्यांनीच राबावे, असे त्यांनी स्वाभिमानाने कळवले. कुशाबा एकटा चिखलात उतरला आणि दुपारी कंबर धरून बाहेर आला. रोपे सडली. पण ती आमच्या हातून सडली, याचे समाधान मोठे होते.

रजा संपली. आईला मंडळाच्या हवाली करून कुशाबा मुंबईला गेला. तिची चूल पेटवण्यासाठी आम्ही पोटसमिती नेमली. पावसामुळे पोटसमितीची बैठक होऊ शकली नाही.

म्हातारीची चौकशी करायला सहदेव भर पावसात घाट उतरून आला. पाहतो तर चूल गार आणि राहीबाई तापाने फणफणलेली. त्याने तिला घोंगडीत गुंडाळले, पाठीवर घेतले आणि घाट चढला. मंडळाने हरकत घेतली नाही. आमचा नियम येण्याविरुद्ध होता, नेण्याविरुद्ध नव्हता.

इकडे गिरणीत माणसे कमी करायची ठरली आणि बाहेरच्यांना आधी काढण्यात आले. "माझ्या घामावर गिरणी चालली!" असे कुशाबा मुकादमाला म्हणाल्याचे कळते. हा युक्तिवाद त्याला कुठे सुचला, कोण जाणे. आमच्या सभांत असले काही कधीच निघाले नव्हते.

तो गावी परतला तो दाराला कडी. शेजाऱ्यांनी घाटाकडे बोट दाखवले. भिजत, ठेचकाळत तो सहदेवच्या वाडीत पोचला. तिथेही खालून आलेल्या म्हातारीबद्दल कुजबुज झाली होती, पण ठमाबाईने "ही माझी सासू" म्हणून विषय मिटवला होता. आता ओट्यावर चार माणसे जमली. "हा कोण आणखी?" त्यांनी राहीबाईला विचारले.

राहीबाईने पोराकडे बराच वेळ पाहिले. तो तिच्या नजरेला नजर देईना.

"कोण जाणे," ती म्हणाली. "असंल कोणी उपरा. पण भुकेला दिसतो. ठमे, वाढ गो त्याला."

कुशाबा खाली मान घालून जेवला. हल्ली तो तिथेच, दुसऱ्याच्या शेतात, दिवस मावळेपर्यंत राबतो, असे कानावर येते. मंडळाने त्याचे नाव कमी केले आहे.

तेव्हा सभासदाची एक जागा रिकामी आहे. आपण इथवर मान डोलावत वाचले, त्यावरून आपण लायक दिसता. अर्जात आडनाव मात्र जपून लिहावे. शेवटी 'कर' येत असेल, तर ध्यानात घ्यावे, की गावात राहणाऱ्याला त्या गावाचा 'कर' कोणी म्हणत नाही. ते गाव सोडून जो दुसऱ्याच्या गावात येऊन बसतो, त्यालाच म्हणतात.