जादा तर्रीचं ध्येय

माणसानं सकाळी चहा प्यावा, पेपर चाळावा आणि गप्प बसावं. धनराजरावांना तेवढंही जमलं नाही. अंजलीच्या शाळेत पालकांची सभा झाली आणि तिथे तिच्या वर्गाच्या छायाबाई म्हणाल्या, "मुलांबरोबर आईवडिलांनीही एखादं ध्येय ठरवा. फसलात, तर मुलांना तसं मोकळेपणानं सांगा." यातलं दुसरं वाक्य धनराजरावांच्या कानात शिरलंच नाही. (सभेत त्यांना अर्धंच ऐकू येतं. ऑफिसात तेवढंही नाही.)

त्याच संध्याकाळी त्यांनी घरात ध्येयं वाटली. अंजलीनं सायकल शिकायची आणि आपण स्वतः रोज पहाटे पांडवलेण्यांचा डोंगर चढायचा.

"तुम्ही?" त्यांची बायको मनीषा म्हणाली. "परवा लिफ्ट बंद होती, तर दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जेवून वर आलात."

"जिद्द लागते, जिद्द!" असं म्हणून धनराजरावांनी पोट आत ओढलं. पोट काही आलं नाही.

पहिल्या दिवशी ते नवे बूट घालून स्कूटरवरून पायथ्याशी पोचले. पायऱ्यांकडे मान वर करून पाहिलं आणि मान दुखली. शेजारी कुसाबाईंच्या मिसळीच्या गाडीवर तर्रीचा घमघमाट सुटला होता. चढायला अंगात बळ हवं, म्हणून त्यांनी मिसळ खाल्ली. मिसळ खाल्ल्यावर डोंगर कोण चढतो? आले घरी.

"कसं झालं?" मनीषानं विचारलं.

"वर काय हवा आहे गं!" कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले. घाम खरा होता, पण तर्रीचा. मग तोच त्यांचा रोजचा व्यायाम झाला.

इकडे अंजली रोज पडत होती. रोज जेवताना हे गृहस्थ त्या पोरीला उभं करून विचारायचे, "आज काय चुकलं? काय शिकलीस?" ती सोललेले गुडघे झाकत सांगायची, "ब्रेक आधी दाबायला हवा होता." मग प्रवचन, "बाळा, अपयश ही यशाची पायरी असते."

एके दिवशी तिनं हेल्मेटच फेकलं. "मला नाही शिकायची सायकल! पप्पा, तुम्ही कधीच कसे फसत नाही? मीच एकटी ढ आहे!"

इथे कुणाही लाज असलेल्या माणसानं तोंड उघडलं असतं. धनराजरावांनीही उघडलं. म्हणाले, "सातत्य हवं!"

एव्हाना त्यांच्या पँटचं बटण लागेनासं झालं होतं.

"डोंगर चढून माणूस फुगतो, हे पहिल्यांदाच पाहतेय," मनीषा म्हणाली.

"स्नायू आहेत ते."

"हो का? शर्टावर सांडलेत थोडे. लाल आहेत."

तरी गडी शहाणा झाला नाही. शाळेत जाऊन त्यांनी छायाबाईंपुढे आपल्या चढाईच्या बढाया मारल्या. बाई बिचाऱ्या भारावल्या. "मग येत्या रविवारी सगळे पालक आणि मुलं चढू या. पुढे तुम्ही!"

रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून धनराजराव सगळ्यांच्या पुढे निघाले. मान खाली घालून गाडीजवळून सटकणार, तोच कुसाबाईंनी हाक मारली.

"या साहेब! आज समदं गाव घिऊन आला? तुमची नेहमीची लावू का, जादा तर्रीची?"

"मावशी, तुमची काहीतरी गफलत होतेय."

"गफलत कशी व्हईल? रोज डोंगराकडं पाठ करून बसता. म्हणता, तो दिसला की घास उतरत नाय!"

पालक हसले. मनीषा हसली नाही, हे जास्त वाईट होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं धनराजरावांना वाटलं. पण त्या पोटाला आपल्या पोटात घ्यायला धरणीही तयार नव्हती.

अंजली मात्र टक लावून पाहत होती. "म्हणजे पप्पा, तुम्ही पण फसलात?" पोरीचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "मग उद्यापासून मी परत सायकल काढते! बरं, सांगा, आज काय चुकलं? काय शिकलात?"

सगळे पालक कान देऊन उभे. धनराजराव पुटपुटले, "मिसळ... चढून आल्यावर खावी."

शेवटी चढाई सुरू झाली. जरा वर गेल्यावर शिट्टी न फुंकताच वाजू लागली, म्हणून त्यांनी ती तोंडातून काढली आणि तिथेच बसकण मारली. पोरंटोरं, छायाबाई, एक आजोबा, सगळे त्यांना ओलांडून गेले. मग वरून अंजलीचा खणखणीत आवाज आला.

"पप्पा, लाजू नका! अपयश ही यशाची पायरी असते. तुम्ही बसलाय ना, तीच ती!"