टोपणभर आयला

मल्लिनाथअण्णांच्या तोंडून तीस वर्षांत मी एक शिवी ऐकली नव्हती. म्हैस रस्त्यात आडवी बसली तरी तिला "जरा बाजूला व्हा" म्हणणारा माणूस. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते अंगणात उभे राहून फोनवर "आयला! अगं, आयला म्हणतोय मी, आयला!" असं ओरडायला लागले, तेव्हा माझ्या हातातलं उलथनं कढईत पडलं.

फोनवर पलीकडे त्यांची लेक सुमा होती. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी तिच्यावरून डोकं काढलं.

"काय ओ अण्णा, पोरीला शिव्या देलालाव व्हय?"

"शिवी नाही हो आक्का. बेट आहे ते. समुद्रातलं बेट. त्याचं नावच आयला."

"असलं नाव कुनी ठेवलं?"

"तिथल्याच लोकांनी. त्यांना काय माहीत, सोलापुरात आपण ते कशाला वापरतो!"

त्या बेटावर विलायती दारू करतात, धुराच्या वासाची. अण्णांना आता तिचा अभ्यास करायचा होता. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, उभ्या आयुष्यात सुपारी तोंडात टाकलेली नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी दारूचा अभ्यास! आमच्या सोसायटीला महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मी चौथी शिकले आणि नंतर शेंगा भाजल्या. अंगणात भट्टी आहे, शेंगाचटणी करून विकते. वास आणि धूर यातलं मला कळतं, बाकी फार कळतं असा माझा दावा नाही. अण्णांचं मात्र नाक हीच नोकरी होती. दूध डेअरीत चौतीस वर्षं ते धक्क्यावर उभे राहिले. गावोगावचे कॅन उतरायचे. अण्णा टोपण काढायचे आणि कॅनकडे न बघता टोपणच नाकाशी धरायचे. दूध खोटं बोलतं, टोपण बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका श्वासात निकाल. "पास." नाहीतर, "कॅन परत." म्हशीनं कांद्याची पात खाल्ली की उसाचं वाढं, हे ते टोपणावरून सांगायचे. माढ्याकडच्या एका गवळ्याला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की तुमच्या गोठ्याला परवा चुना मारलाय. मारला होता. तो माणूस पुढं वर्षभर अण्णांना वाकून नमस्कार करायचा.

रिटायर झाले तरी खोड गेली नाही. लग्नात जेवायला बसण्याआधी बासुंदीच्या पातेल्यावरचं झाकण उचलायचे. हुंगून म्हणायचे, "कॅन परत." मुलीचा बाप घामानं भिजायचा. माझी चटणीही सुटली नाही. भिंतीवर वाटी ठेवली की हुंगून म्हणायचे, "आक्का, लसूण जुना आहे. कॅन परत."

"तुमच्या बापाचा कॅन हाय व्हय?" मी म्हणायचे. पण लसूण जुना असायचाच. त्याचाच जास्त राग यायचा.

गेली तीन-चार वर्षं मात्र माझी चटणी रोज पास होत होती. मला वाटलं, आपला हात सुधारला.

तर या दारूची सुरुवात अशी. सुमा तिकडे स्कॉटलंडात दवाखान्यात नर्स आहे. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेला येते. त्या वर्षी पुण्यातल्या कुणा डॉक्टरसाठी तिनं एक बाटली आणली होती, ती बॅगेतच सांडली. बॅग उघडली आणि घरभर असा वास सुटला, की जणू दवाखान्याला आग लागलीय. सुमा रडकुंडीला आली. मी पदर नाकाला लावला. अण्णा मागच्या खोलीतून पळत आले, "काय जळतंय? काय जळतंय?" आणि त्या उघड्या बॅगेसमोर मांडी घालून बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. सुमाच्या ओल्या स्वेटरची बाही नाकाला लावून.

"अप्पा, सोडा की ते, धुवायला टाकायचंय," सुमा म्हणाली.

"धुवायचं नाही," अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी तिनं अंगठ्याएवढ्या सहा बाटल्या आणल्या, सहा जातींच्या. आणि माझा रविवार गेला.

दर रविवारी चार वाजता भिंतीवरून हाक यायची, "आक्का, धक्क्यावर या!" अण्णा पांढरा शर्ट घालून बसलेले. समोर स्टीलच्या वाट्या, ड्रॉपर, शाळेची दोनशे पानी वही. एका बाटलीतली टोपणभर ओतायची. तीन थेंब पाणी. मग ते टोपण माझ्याकडे.

"आधी तुम्ही, आक्का. बोला. जे येईल ते बोला."

"मी दारू हुंगायला आले, हे माझ्या सुनेला कळलं तर?"

"हुंगणं म्हणजे पिणं नाही. मी चौतीस वर्षं दूध हुंगलं, मी काय प्यायलो?"

मी हुंगायची आणि बोलायची. अण्णा लिहून घ्यायचे. बाटल्यांवरची नावं मला वाचता येत नव्हती आणि त्यांना म्हणता येत नव्हती, म्हणून मी माझीच नावं ठेवली. एक टिंचरवाली, गुडघा फुटल्यावर शाळेतल्या बाई लावायच्या तसली. एक सुकटवाली. एक दोरखंडवाली, विहिरीवरचा ओला दोर. एक अगदीच फिकी, तिला मी विझलेली उदबत्ती म्हटलं. एक होळीवाली, होळीच्या दुसऱ्या दिवशी राखेवर पाणी टाकल्यावर येतो तो वास, मागं थोडा गूळ. ही मला बरी वाटली. आणि सहावी डांबरवाली. रस्ता करताना डांबराचं पिंप तापवतात, त्यात डोकं घातल्यासारखी. ती उघडली की माझी मांजर घर सोडून जायची.

लिहून झालं की अण्णा टोपणभर दारू तीर्थासारखी तळहातावर घेऊन प्यायचे, डोळे मिटायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत विषय बंद. मीही एकदा बोट बुडवून जिभेला लावलं. विझलेल्या चुलीत पाणी ओतून तेच प्यायल्यासारखं लागलं. यासाठी लोक विमानानं बाटल्या आणतात!

"हा धूर कशाचा ओ अण्णा?" मी विचारलं.

"मातीचा. तिकडे लाकूड कमी. दलदलीतली माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि जाळायची. त्या धुरावर धान्य वाळवतात."

"म्हंजी आपल्या गोवऱ्याच की. शेनाऐवजी माती. गरीबच हुते म्हना ते बी."

हेही त्यांनी वहीत लिहिलं. नंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझंच वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. "मागं थोडा गूळ आहे" हेही. लोक माना डोलवत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून दात खात होते.

यंदा मामला मोठा होता. सुमा पूर्ण मापाच्या बाटल्या आणणार होती. पण विमानातून येताना एका माणसाला दोनच आणता येतात. चुकीची आली तर वर्ष वाया. डिसेंबर लागला तसे अण्णा लग्नघरासारखे झाले. दाढी करताना अर्धी सोडून भिंतीपाशी यायचे.

"आक्का, टिंचरवाली बाद?"

"बाद."

"दोरखंड?"

"बाद. आदी दाडी करा."

शेवटी दोन उरल्या. माझं मत होळीवाली. अण्णांचं डांबरवाली. मी म्हटलं, तिच्यात धुराशिवाय काहीच नाही. ते म्हणायचे, "धूर आहे ना? मग झालं. जास्त धूर पाहिजे, आक्का, अजून जास्त." आठ दिवस आम्ही भांडलो. मी असंही म्हणाले, की तुमचं नाक म्हातारं झालंय. त्यावर ते वही मिटून आत गेले. मला वाटलं, आपण जिंकलो.

ठरल्या दिवशी दुपारी सुमाचा फोन आला, चित्रवाला. ती दुकानात उभी, मागं बाटल्यांची भिंत. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर वही. मी माझ्या भट्टीपाशी होते, पण कान तिकडेच.

"अप्पा, लवकर सांगा. मला ड्यूटीवर जायचंय."

"थांब, थांब. डांबर की होळी? तुझ्या हातात कुठली आहे? वर धर!"

तेवढ्यात मला वास आला. करपट. माझ्या शेंगा नव्हत्या. मी भिंतीला वळसा घालून पळत गेले. अण्णांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, गॅसवर दुधाचं पातेलं होतं. दूध उतू जाऊन, आटून, तळ काळा पडला होता. घरात डोळे चुरचुरत होते. आणि हा माणूस फोनवर वासाचं भाषण देत होता.

मी गॅस बंद केला. "अण्णा! दूध करपलं की!"

अण्णा वळले. पातेल्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"करपलं?" ते म्हणाले. "खरंच?"

चौतीस वर्षांचा दुधाचा माणूस मला विचारत होता, दूध करपलं का.

त्यांनी फोन छातीशी उलटा धरला आणि हळू बोलले. टाळेबंदीच्या त्या साथीत ताप आला होता, आठ दिवसांत उतरला. सगळ्यांची नाकं परत आली, यांचं आलं नाही. दूध, लसूण, उदबत्ती, माणूस, काहीच नाही. कुणाला सांगितलं नाही. डेअरीतल्या जुन्या लोकांना कळलं असतं तर काय तोंड दाखवायचं? मग ती बॅग सांडली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा नाकात काहीतरी हललं. तेवढा एकच धूर आत जात होता. होळीवालीही जात नव्हती. फक्त डांबरवाली, तीही पुसट.

"मग सुमीला का सांगत न्हाई? नर्स हाय ती."

"म्हणूनच. गॅसचा वास येत नाही म्हटल्यावर ती मला इथं एकटं ठेवेल? कुलूप लावून घेऊन जाईल तिकडे. तिकडे कुणाला ओळखतो मी, आक्का?"

मी त्यांच्या मांडीवरची वही ओढली. पुढच्या पानांवर दारू होती, सगळी माझ्या तोंडची. मागच्या पानांवर वेगळंच. सकाळी सहा, अंगणात सडा. अकरा, वरच्या मजल्यावर फोडणी. एक वाजता, आक्का शेंगा भाजतात. प्रत्येक ओळीपुढं 'वास' असं लिहून जागा कोरी सोडलेली. पानंच्या पानं. रोजची.

मी वही मिटली. मला असलं काही वाचलं की राग येतो.

"सांगायचं ना आदी!" मी ओरडले. "माजी चटनी तीन-चार वर्सं फुकटच पास केली व्हय?"

"दिसायला चांगली होती," अण्णा म्हणाले.

मी फोन घेतला. "सुमे, मी आक्का बोलते. डांबरवाली आन. दोनी बी डांबरवालीच. त्याच्यापेक्षा जास्त धुराची आसंल तर ती आन."

"पण तुम्हाला तर होळीवाली..."

"मला काय प्यायचीय व्हय?"

फोन ठेवल्यावर मी अण्णांना सांगितलं, की पोर आली की तुम्ही स्वतः तिला सांगायचं. नाही सांगितलं तर मी सांगणार. तोवर गॅस पेटवायच्या आधी भिंतीवरून हाक मारायची, मी येऊन हुंगून जाईन. त्यांनी मान हलवली. हाक मारायचे, अगदी वेळेवर. मी भाजणी सोडून जायचे, हुंगायचे, "पास" म्हणायचे आणि परत यायचे.

जानेवारीत सुमा आली. अण्णांनी सांगितलं. तिनं आधी त्यांना झापलं, मग मला झापलं, मग पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी गॅस गेला आणि विजेची शेगडी आली. "यंदा ऱ्हावा हितंच," ती म्हणाली, आमच्यासारखंच बोलून. नाकाला रोज कामाला लावायचं असतं, त्यानं कधीकधी ते परत येतं, असंही तिनं सांगितलं. "अप्पांनी नकळत तेच केलंय," ती म्हणाली. अण्णांची मान लगेच ताठ झाली.

रविवारी चार वाजता बाटली उघडली. मांजर गेली. अण्णांनी टोपण माझ्याकडे केलं.

"आज मी न्हाई," मी म्हटलं. "तुमी."

त्यांनी टोपण धरलं. पूर्वीसारखं, एका हातानं, मान थोडी वाकडी करून. बराच वेळ धरलं. सुमा बोलायला लागली, तिला मी चिमटा काढला.

"डांबर," अण्णा म्हणाले. मग परत हुंगलं. "मागं काहीतरी ओलं आहे. दोर का?" आणि माझ्याकडे बघितलं, चौथीतलं पोर पाढा म्हणून बाईंकडे बघतं तसं.

मी टोपण हुंगलं. दोर होता, मलाच आधी कळला नव्हता.

सुमा परत गेली. मी तेव्हापासून एक करते. एक वाजता भाजणी संपली की शेवटच्या मूठभर शेंगा भिंतीच्या बाजूला ओढते आणि मुद्दाम काळ्या होऊ देते. मग फेकते. कुणी विचारलं तर म्हणते, डोळ्याला दिसलं नाही.

सव्वीस दिवस काही झालं नाही. सत्ताविसाव्या दिवशी भिंतीपलीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"आयला!"

मी म्हटलं, बाटली काढली वाटतं भरदुपारी. पण बाटली नव्हती. अण्णा बनियनवर, हातात काही नाही, भिंतीला पोट टेकून उभे.

"आक्का! आयला, शेंगा करपल्या की हो तुमच्या!"

"करपल्या न्हाईत, करपवल्यात," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. ते वही आणायला आत पळाले होते. भिंतीवर ठेवूनच त्यांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. एक वाजता, आक्का शेंगा भाजतात. वास : करपट. पास.

करपट माल त्यांनी आयुष्यात कधी पास केला नव्हता. मी आणखी एक मूठ कढईत टाकली.