सुताराघरची मूठ

नेमबाजी संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या दुपारी दोन तास झोपायचं, अशी प्रशिक्षकांची सक्त ताकीद होती. म्हणून ठकी झोपली, आणि तिथेच घात झाला. चार वाजता उठून तिने पेटी उघडली तर आत तिचं छर्ऱ्याचं पिस्तूल होतं, पण त्याची लाकडी मूठ नव्या पलंगाच्या पायासारखी चमकत होती.

"कसं झालंय?" काका दारातच उभे होते. कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर मोठं समाधान. काका सुतार. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे घर. "सगळी टेंगळं तासून काढली. वर दोन हात पॉलिश."

ठकीने मूठ हातात धरली. ती साबणाच्या वडीसारखी सटकली.

"काका, ती टेंगळं नव्हती. तो माझा हात होता."

आणि ते खरंच होतं. तीन वर्षं रोज सराव करून, इथे थोडी लांबी, म्हणजे लाकडात भरायची पुट्टी, भर, तिथे कानस मार, असं करत करत तिने ती मूठ आपल्या तळव्याला बसवली होती. दिसायला भयंकर, पण हातात घेतली की नळी आपोआप निशाण्यावर जायची. गेल्या वर्षी संघात तिघी निवडल्या आणि ठकी एका गुणाने चौथी आली. ते वर्ष तिने कसं काढलं ते तिलाच माहीत. उद्या सकाळी नऊला पुन्हा तीच चाचणी, आणि हातात ही साबणाची वडी.

"तुला न विचारता हात लावायला नको होता, हे खरं," आई आतून म्हणाली, "पण भाऊजींनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून केलंय. जरा नीट बोल."

"मी नीटच बोलतेय. मला नीट रडताही येत नाहीये."

काकांचा चेहरा पडला. "बाकीच्या मुलींची पिस्तुलं कशी देखणी असतात. तुझ्या पिस्तुलाला ठिगळं. लोक म्हणतील, सुताराच्या घरची पोर आणि हे असलं लाकूड."

ठकीने प्रशिक्षकांना फोन लावला.

"कोणी केलं?" प्रशिक्षकांनी विचारलं. ठकीने काकांचं नाव सांगितलं. "आणि तो माणूस तुमच्याच घरात राहतो?"

"हो सर. जन्मापासून."

"मग त्यालाच परत लांबी भरायला लाव. दुसरा इलाज नाही."

काका लगेच कामाला लागले. विकतची लांबी सुकायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून त्यांनी भुसा आणि सरस कालवून आपली खास लांबी केली. "अर्ध्या तासात दगड होते," ते म्हणाले. "तू फक्त हाताला तेल लाव, मूठ धर आणि हलू नकोस."

ठकीने तेल लावलं. काका लांबी थापायला वळले तेवढ्यात आईने तो तेलकट हात बघितला. एवढं महागाचं पिस्तूल खराब होईल, म्हणून तिने साबणाच्या फडक्याने हात लखलखीत पुसून दिला. ठकीला वाटलं, हे काकांनीच सांगितलं असेल. काकांना वाटलं, तेल लावलेलंच आहे. घरात तीन माणसं आणि तिघंही शहाणी.

ठकी दुकानात स्टुलावर बसली. पिस्तूल रिकामं असलं तरी माणसाकडे रोखायचं नाही, हा नियम तिच्या अंगात मुरलेला. म्हणून तिने नळी भिंतीकडे केली. भिंतीला एक अर्धवट कपाट टेकवलेलं होतं. अर्ध्या तासाने तिने बोटं सोडवून पाहिली. बोटं आली नाहीत.

"काका, हात निघत नाही."

"तेल लावलंस ना?"

"लावलं होतं. आईने पुसलं."

"वहिनी, पुसलंत?"

"घाण होतं ते," आई म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी कपाटवाल्या बाई आल्या. पंधरा दिवसांत देतो म्हणून दोन महिने झुलवलेल्या. "आज कपाट घेतल्याशिवाय मी इथून हलणार..." असं म्हणत त्या आत शिरल्या आणि थांबल्या. स्टुलावर डोळे लाल झालेली एक मुलगी दात ओठ खात त्यांच्याच कपाटावर पिस्तूल रोखून बसली होती.

"बाई, यात छर्रा नाहीये," ठकी वैतागून म्हणाली. "माझा हात अडकलाय."

"नाही, नाही, चालू द्या तुमचं," बाई मागे सरकत म्हणाल्या. "कपाटाची तशी घाई नाही. पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल." आणि त्या गेल्यासुद्धा.

कोमट पाणी, तेल, पुन्हा कोमट पाणी. दिवेलागणीला हात सुटला. अंगठ्याखालची थोडी कातडी मुठीवरच राहिली. पण मुठीत तळव्याची रेघ न् रेघ उमटली होती. ठकीने हात पुन्हा आत घातला. बसला. तिला आनंदही होईना, एवढी ती दमली होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने ती मूठ बराच वेळ उलटसुलट पाहिली, मापं घेतली आणि परत दिली. साठ छर्रे झाले. ठकी एका गुणाने तिसरी आली. संघात निवडलेली दुसरी मुलगी जवळ येऊन कौतुकाने म्हणाली, "मूठ कोणी करून दिली गं?"

"माझ्या काकांनी," ठकी अभिमानाने म्हणाली. "पण तुझं पिस्तूल आमच्या घरी आणू नकोस."

घरी आली तेव्हा काका दुकानाच्या पायरीवर तिचीच वाट बघत बसले होते. बातमी ऐकून त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि कानावरची पेन्सिल पुन्हा नीट खोचली.

"मग उद्या अकराला मोकळी आहेस ना?"

"का?"

"पलंगवाला येणार आहे. त्याचं लाकूडसुद्धा आणलं नाहीये अजून. तू नुसती त्या स्टुलावर बस."

"काका, मला सराव असतो."

"सरावच तो," काका म्हणाले. "अर्धा तास हात सरळ धरून बसायचं. या वेळी मी स्वतः तेल लावून देतो."