सावलीच्या वास्तव्याचा प्रश्न

दिल्लीहून गेलेल्या एका विमानाची सावली तुरवान देशात राहून गेली आणि परत यायला तयार होईना. सावलीशिवाय उड्डाण नियमात बसत नाही, त्यामुळे विमानही तिथेच अडकलं.

नेमका तेव्हाच दोन्ही सरकारांचा हवाई करार नव्याने व्हायचा होता. आपल्या बाजूने उपसचिव वैजयंती केळुसकर गेल्या. करार फिसकटला असता तर विमानं बंद पडली असती आणि तिकडे डॉक्टरकी शिकणारी मुलं सुट्टीत घरी येऊ शकली नसती. त्यांतलीच एक वैजयंतीबाईंची ऋता. हे त्यांनी बैठकीत कुणाला सांगितलं नाही.

"सावली आमची आहे," त्या म्हणाल्या.

"होती," तुरवानचे महासंचालक इल्दार नम्रपणे म्हणाले. "आता तिला इथे राहायचंय."

"कशावरून?"

"सूर्य फिरला तरी ती हलत नाही."

 वैजयंतीबाईंनी सावली बघायला मागितली.

विमानतळामागच्या माळावर ती पंख पसरून पडली होती. मेंढ्यांचा अख्खा कळप तिच्यात रवंथ करत बसला होता, आणि शेपटाकडे साबिरा नावाची मेंढपाळ म्हातारी लोकर विंचरत होती. जवळच एक अक्रोडाचं झाड होतं. माळावर दुसरं झाड नव्हतं.

"हिला नेणार का?" साबिराने विचारलं.

"न्यावी लागेल, आजी. तिच्याविना विमान उडत नाही."

"हीच लागते, की कुठलीही चालते?"

वैजयंतीबाई थबकल्या. नियमात 'सावली असावी' एवढंच होतं. कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.

"चालेल कुठलीही."

"मग माझ्या अक्रोडाची न्या. लहान आहे, कळप मावत नाही. पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिच्यातच बसत आलेय. नीट वागवा तिला."

इल्दारांची हरकत नव्हती. मात्र आपली मोठी सावली इथे राहतेय, त्याबद्दल आठवड्याला दोन फेऱ्या वाढवून मिळाव्यात, असं वैजयंतीबाईंनी धरून ठेवलं. दुपारच्या जेवणापर्यंत एका फेरीवर तडजोड झाली आणि सह्या झाल्या.

साबिरा थोडा वेळ अक्रोडाखाली उन्हात उभी राहिली. बुंध्यावरून हात फिरवला आणि मेंढ्यांकडे गेली.

अडकलेलं विमान दुसऱ्या दिवशी निघालं. ऋता आईशेजारी खिडकीपाशी बसली होती.

"आई, खाली झाड पळतंय."

"आपलंच आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि पट्टा घट्ट केला.

दिल्लीत ऊन मी म्हणत होतं. सामान उतरवून झाल्यावर हमाल पाण्याच्या बाटल्या घेऊन सावलीला टेकले. विमान जागच्या जागी उभं होतं. वारा आला तशी जमिनीवर पानं हलली, आणि एकाने पाय आणखी आत ओढून घेतले.