मक्यातली चवळी

मेहुण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्याचं शेत दोन महिन्यांसाठी भूमितीच्या निवृत्त मास्तरांच्या गळ्यात पडलं.

"भाऊजी, मका पेरायचा. फक्त मका!" जाताना त्यानं बजावलं. मेहुणा वयानं लहान, पण तापट. मास्तर लग्नापासून त्याला वचकून होते.

पेरणीयंत्राला दोन पेट्या होत्या, एक बियाण्याची आणि एक खताची. कोठीतल्या अंधारात, चष्मा न लावता, मास्तरांनी खताच्या पेटीत गुलाबी दाण्यांचं पोतं रिकामं केलं. ओळी मात्र अशा सरळ आल्या, की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

आठव्या दिवशी मक्याच्या कोंबांना खेटून रुंद पानांची रोपं वर आली.

"तण आहे," मास्तर म्हणाले.

बायको वाकली. "तण कधी एवढं शिस्तीत उगवतं? अहो, चवळी आहे ही! औषध लावलेलं बियाणं गुलाबीच दिसतं. खत तिकडे तसंच पडलंय!"

मास्तरांनी घाईघाईनं चवळी उपटायला घेतली, तर मकाही सोबत हातात आला. चार रोपांनंतर बायकोनं त्यांचा हात धरला. "राहू द्या आता. आगीतून फुफाट्यात नको."

दुपारी मेहुण्याचा फोन. "मका कसा आहे?"

"भरगच्च!" हे खोटं नव्हतं.

"फोटो पाठवा."

मास्तर पिकापुढे उघडी छत्री आडवी धरून उभे राहिले. बायकोनं फोटो काढला.

"भाऊजी, एवढ्या उन्हात छत्री जमिनीला कशाला?"

पुढे तुरे आले, तसे फक्त तुऱ्यांचे फोटो जाऊ लागले. मास्तरांची झोप मात्र उडाली.

नवव्या आठवड्यात मेहुणा काठी टेकत थेट बांधावर हजर झाला. सोबत शेतकी अधिकारी बाई. मक्याच्या बुंध्यांना चवळीचे वेल बिलगले होते, शेंगा लोंबत होत्या. मेहुणा लालबुंद झाला. "भाऊजी, हे काय—"

"वा!" बाईंनी चवळीचं एक झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. "या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. तण दबलंय, मातीत ओल आहे. शेजारच्या नुसत्या मक्यापेक्षा तुमची कणसं टपोरी, वर शेंगांचं पीक वेगळं! आंतरपिकाची कल्पना कुणाची?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"माझीच!" मेहुणा छाती फुगवून म्हणाला. "फोनवरून एकेक गोष्ट सांगत होतो. भाऊजी काय, नवखे!"

बायको उसळणार, तोच मास्तरांनी तिला कोपरानं ढोसलं. श्रेय गेलं खड्ड्यात, जीव तर भांड्यात पडला होता.

"मग मंगळवारी चाळीस शेतकरी घेऊन येते," बाई म्हणाल्या. "बियाण्याचं प्रमाण, पेरणीची पद्धत, सगळं तुम्हीच समजावून सांगा."

बाई पुढच्या ओळीत शिरल्या. मेहुणा मास्तरांच्या कानाशी आला. आवाज एकदम मऊ. "भाऊजी… प्रमाण किती होतं हो?"

"म्हणजे काय? तूच तर सांगितलं होतंस ना फोनवर!" मास्तर म्हणाले, आणि घरी जाऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.