गुंडापूरचा धोंडा आन् परकी पोर

आमच्या गुंडापूरच्या येशीत एक धोंडा व्हता. बसलेल्या म्हशीएवढा, काळा कुळकुळीत, आन् बराबर रस्त्याच्या मधोमध. त्याच्यामुळं देगलूरची एस्टी गावात शिरत नव्हती. फाट्यावर मानसं सोडायची आन् तिथूनच तोंड फिरवायची. फाट्यापसून गाव चालत. पावसाळ्यात चप्पल हातात, उन्हाळ्यात चप्पल पायात, एवढाच काय तो फरक.

तुमी म्हनाल, मग धोंडा काढायचा की. कसा काढनार? देवाचा धोंडा हाय. वीरभद्राच्या जत्रंत मृत्युंजय स्वामी दरसाल त्याच्यापुढं उभं राहून भाकीत गातेत:

परमुलखाची पोर येईल, धोंडा फुलावानी उचलील,
घंटा आपसुक वाजंल, गावची वाट मोकळी होईल.

हे ऐकलं की सारं गाव रडतंय. पहिलं चंद्रप्पा पाटील रडतेत, कारन पहिलं रडायचा मान त्यांच्या घरचा हाय. आमच्या गावात मानाचं लई कडक. नारळ कोन फोडनार, पालखीवर छत्री कोन धरनार, विडा पहिला कुनाला, सगळं ठरलेलं. पालखीम्होरं एकदा भलताच मानूस शिंकला तर पालखी माघारी नेली आन् ज्याचा मान त्याला तपकीर देऊन शिंकवलं, मग मिरवनूक निघाली.

रडून झालं की गडी मानसं मानाच्या क्रमानं धोंड्याला हात लावतेत. धोंडा हलत न्हाई. कमरा हलतेत. मग जेवनाच्या पंगती.

येशीतच माझं चहाचं हॉटेल हाय, म्हनून हे समदं माझ्या डोळ्यापुढं घडलं.

गावातल्या मलप्पाकडं त्याची भाची राहायची, अंबिका. बाप-माय हैद्राबादला बांधकामावर, म्हनून मामानं आनलेली. मूळची तिकडची, तेलंगनातल्या बिचकुंद्याकडची. फ्रॉकात आली तवा मराठीचा एक शबूद येत नव्हता, आता बारावीला. गावाचं पानी शेंदलं, जवारी काढली, निम्म्या गावच्या म्हशी राखल्या. पर गावाच्या लेखी पोर 'तिकडची' ती तिकडचीच. जत्रंत तिला ताट मिळायचं, पर पावन्यांच्या पंगतीत, सगळ्यात शेवटी.

ती पोर रोज फाट्यापत्तूर पळायची. सराव परीक्षेला एस्टी चुकली तर कालेजवाल्यांनी तिला गेटाबाहेर उभी केली. माझ्या बाकड्यावर येऊन टेकली, डोळं पुसून म्हनली, "काका, बोर्डाच्या पेपरला असंच झालं तर माझं वर्स गेलं. मामय्या म्हनतोय, मग लगीन करून टाकू."

"धोंड्याला हात जोड," मी म्हनलो. दुसरं काय सांगावं मानसानं?

मंग एका सकाळी डेपोचा नवा ड्रायव्हर वाट चुकला आन् एस्टी थेट येशीत आली. खाली उतरून धोंड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे काय हाय?"

"देव हाय."

"देवाला जरा बाजूला घ्या म्हनावं. रस्ता मोकळा असंल तर मी रोज गाडी आत मारुतीच्या देवळापत्तूर आनतो. मला काय, डिझेल सरकारचं."

अंबिका तिथंच उभी व्हती. तिनं दप्तर माझ्या टेबलावर ठेवलं, ओढनी कमरंला खोचली, खाली वाकली आन् कडब्याची पेंढी उचलावी तसा धोंडा उचलला. देवाशप्पत. खांद्यावर घेतला, आठ-दहा पावलं चालली आन् बाभळीखाली ठेवून दिला. हात झटकले. त्याच वक्ताला वीरभद्राच्या देवळातली घंटा घणाघणा वाजली. देवळात मानूस न्हाई, मांजर न्हाई.

एस्टी आत शिरली. अंबिकानं दप्तर उचललं, आत बसली आन् गेली कालेजला.

आता तुमाला वाटंल, गावात साखर वाटली असंल. न्हाई. गावात मीटिंग लागली.

चंद्रप्पा पाटील लई वर्सं सोसायटीचे चेरमन. खुर्चीत बसले की त्यांच्या तोंडून आपोआप कागदाची भाषा निघतीय. ते उभे राहिले. "सदर धोंडा हा सदर मुलीने कोणतीही पूर्वसूचना न देता उचलल्याचे निदर्शनास आले आहे. नारळ फोडला व्हता का?"

"न्हाई," मी म्हनलो.

"मुहूर्त?"

"सात चाळीसची एस्टी व्हती, मालक."

"म्हणजे विनापरवाना चमत्कार. नामंजूर."

मलप्पा भीत भीत म्हनला, "मालक, पर भाकितात तर हेच हाय. परमुलखाची पोर. घंटा बी वाजली."

"मलप्पा, तुझी भाची गावात किती वर्सं हाय?"

"लहानपनापसून."

"मग ती गावचीच झाली. परकी राहिली न्हाई. भाकितात बसत न्हाई."

"बरं मालक. गावची तर गावची. मग गावच्या मानात तिचं नाव घाला."

"गावच्या मानात कसं घालनार? ती तर बिचकुंद्याची!"

लोकं एकमेकांकडं बघून मान हलवू लागले. पाटलाचं बोलनं कसं चारी बाजूनं पक्कं असतंय. मी स्वामींना इचारलं, "स्वामी, तुमचं काय म्हननं?" स्वामी म्हनले, "मी फक्त गातो बाबा. अर्थ लावायचा मान पाटलांकडं हाय."

मग पाटलांनी अर्थ लावला. परमुलूख म्हंजे लातूर. त्यांची नात वर्षाराणी लातूरला डाक्टरकीच्या क्लासला हाय. लातूर आपल्या जिल्ह्यात न्हाई, म्हंजे परका मुलूख. पाटलाच्या घरची, म्हंजे मान बी हाय. ठराव असा झाला, की धोंडा मूळ जागी ठेवावा, आन् जत्रंत वर्षाराणीनं तो नियमानं उचलावा.

टाळ्या झाल्या. मग साऱ्यांच्या ध्यानात आलं, का धोंडा मूळ जागी ठेवायला तो आधी उचलावा लागतोय.

गडी लागले. पयल्या दिवशी चार जन देगलूरच्या दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी जेसीबी आनला, त्याचा पाइप फुटून समद्या मानकऱ्यांच्या धोतरावर काळं तेल. पाटील म्हनले, "ठीक. जिनं बिघडवलं तिनंच दुरुस्त करावं." आन् शाल-खोबरं घेऊन आमी मलप्पाच्या दारात गेलो.

अंबिका भाकरी थापत व्हती. पाटील गोड आवाजात म्हनले, "बाय, गावासाठी एवढं कर. शेवटी तू आपल्या गावची लेक हायस."

"अय्यो! पाटील ताता, उचलताना मी परकी, आन् ठेवताना गावची?"

पाटलांनी शालीची घडी नीट केली. तव्यावर भाकरी फुगली.

"मग एस्टीचं काय?" ती म्हनली. "जत्रंच्या दुसऱ्या दिवशी माझा पयला पेपर हाय."

"धोंडा उचलला जाईल की जत्रंत. वाट मोकळीच व्हनार."

"आन् न्हाई उचलला तर?"

"अविश्वास? देवावर?"

पोर हटंना. तवा पाटलांनी मलप्पाकडं बघितलं. "मलप्पा, पालखीवर छत्री धरायचा मान तुझ्या घरचा हाय न्हवं? त्याचा फेरविचार करावा लागंल."

मलप्पाचं तोंड चुन्यागत पांढरं. सात पिढ्यांची छत्री! पाऊस येवो न येवो, जत्रंत मलप्पाच्या हातात ती छत्री असली की मलप्पा मानूस, एरवी नुसता मलप्पा. भाचीच्या पुढं बसून म्हनला, "माय, माझी छत्री गं!"

अंबिकानं मामाकडं बघितलं. पिठाचे हात धुतले. गेली, धोंडा उचलला, येशीत आनून ठेवला. घंटा न्हाई वाजली.

दुसऱ्या दिवशीपसून एस्टी परत फाट्यावरून.

जत्रा आली. येशीत धोंड्याच्या मागं फ्लेक्स लागला, तीन मजली. वर्षाराणीचा गॉगल घातलेला फोटो, खाली 'भावी तारणहार', आन् तिच्या दुप्पट पाटलांचा फोटो, हात जोडून. नांदेडहून डीजे, वर ड्रोन भिरभिरून राहिलं. वर्षाराणी नऊवारी नेसून गाडीतून उतरली. पोर वंगाळ न्हाई हो. धोंड्याकडं बघून म्हनली, "आजोबा, हा मला उचलायचाय? माझी उद्या टेस्ट हाय!"

"तू फक्त हात लाव आन् क्यामेऱ्याकडं बघ. बाकीचं कमिटी बघंल."

कमिटीनं बघितलं व्हतं ते असं, का अंबिकाला फ्लेक्सच्या मागं बसवायची, तिनं खालून हात घालून धोंडा उचलायचा, लोकांना म्होरून वर्षाराणी दिसनार. पाटलांनी तिला शबूद दिला, "एवढं कर, उद्या एस्टी तुझ्या दारात." ती जाऊन बसली.

स्वामींनी भाकीत गायलं. पाटील मानानुसार रडले. वर्षाराणीनं दोन बोटं धोंड्याला लावली, क्यामेऱ्याकडं बघितलं आन् गॉगल नीट केला. धोंडा हलला! डीजे वाजला. धोंडा वर उठला, आन् थांबला न्हाई. फ्लेक्स टराटरा फाटला आन् पाटलांच्या फोटोच्या पोटातून अंबिका धोंडा खांद्यावर घेऊन भाईर आली. देवळात घंटा वाजू लागली. वर्षाराणी टाळ्या वाजवून म्हनली, "ए, भारी! तू कोनत्या जिमला जाती?"

"म्हशी राखते," अंबिका म्हनली, आन् चालू लागली.

म्होरं ती, मागं ड्रोन, त्याच्यामागं सारी जत्रा. मलप्पाला काय वाटलं कुनास ठाऊक, पालखी सोडून पळत गेला आन् छत्री भाचीच्या डोक्यावर धरली. स्वामी ओरडले, "मलप्पा, मान पालखीचा हाय!" तो म्हनला, "धरलीय की बरोबर."

अंबिका सरळ पाटलांच्या वाड्यावर गेली आन् धोंडा त्यांच्या फाटकात ठेवला. आत पाटलांची नवीकोरी स्कॉर्पियो. ती काय उडून भाईर येत न्हाई.

"हे अतिक्रमण हाय!" पाटील वरडले. "काढ आधी!"

"ताता, देवाचा हाय. असा कसा काढनार?" पोर अगदी पाटलांच्याच सुरात बोलली. "फुडच्या जत्रंपत्तूर वाट बघा. परमुलखाची पोर येईल."

पाटलांना सकाळी देगलूरला बँकेत मीटिंग व्हती, आन् फाट्यापत्तूर चालायची त्यांना सवय न्हाई. राती डेपोला असा फोन लागला का सकाळी सातच्या आत एस्टी येशीतून मारुतीपत्तूर आली. पयल्या सीटवर पाटील. मागच्या सीटवर अंबिका, मांडीवर पुस्तक. पेपर वेळेत दिला. समदे दिले. पास झाली, आन् नांदेडला कालेजात गेली.

गोष्ट इथं संपाय पायजे व्हती. पर गाव हाय, संपत न्हाई.

येस मोकळी दिसू लागली तसं लोकांना चुकल्या-चुकल्यागत व्हाय लागलं. हात कुनाला जोडावं? रडावं कुनापुढं? कमिटी बसली. ठरलं, का धोंड्याच्या मूळ जागेचं पावित्र्य राखायचं. वर्गनी गोळा झाली, रस्त्याच्या मधोमध सिमेंटाचा ओटा झाला, वर पत्र्याचं शेड, त्याच्यावर पाटी: 'येथे धोंडा होता'. मागं फ्लेक्स: 'गावची लेक, तारणहार कु. अंबिका', आन् तिच्या दुप्पट पाटलांचा फोटो. पाटलांनी तोवर वाड्याची मागची भिंत पाडून गाडी काढली व्हती.

एस्टी परत फाट्यावरून.

दिवाळीला अंबिका आली. फाट्यापसून चालत, खांद्यावर ब्याग. माझ्या बाकड्यावर बसली, स्वताच्या फोटूकडं बघत राहिली.

"काका, हे कुनी बांधलं?"

"गावानं. तुझ्यासाठीच की."

"नको कोन म्हनलं न्हाई?"

"देवाच्या कामाला नको कोन म्हनंल, बाय?"

तिनं चहा पिला, ओट्याला एक चक्कर मारली, वाकून बघितलं. मग सरळ झाली. "न्हाई काका. धोंडा एकट्या मानसाला उचलता येतोय. हे हलवायला बांधनारेच लागतेत." ब्याग घेऊन मामाच्या घराकडं गेली.

आता तुमी हसून राहिलात. हसा. पर तुमच्या गल्लीच्या तोंडाला जो मंडप हाय, ज्याला वळसा घालून तुमी रोज कामाला जाता, त्याची वर्गनी तुमी दिलीच असंल. पावती बी जपून ठेवली असंल. आन् आत्ता ह्या घडीला तुमच्या मनात काय चाललंय ते बी मला ठाऊक हाय: कुनीतरी एक पोर यायला पायजे आन् हे समदं उचलून नेयाला पायजे.

हाव. सरका जरा, बाकड्यावर आनखी लोकं हायत. ते बी तिचीच वाट बघून राहिलेत. चहा सांगू?