धुतलेल्या मोज्यांचा वास

आमची सून मोजे उलटे करून धुते. सरळ माणसांच्या घरात ही तऱ्हा मी कधी पाहिली नव्हती. जी बाजू जगाला दिसते ती घासायची, की जी दिसत नाही ती? विचारलं तर म्हणते, "आई, घाम आतल्या बाजूला असतो ना." घाम कुठे असतो हे आता मला शिकवणार! तीन मुलं वाढवली मी, ती काय पंख्याखाली बसून?

तेव्हा घरात मोज्यांचं प्रकरण उभं राहिल्यावर माझा पहिला संशय तिच्यावर गेला, यात माझं काय चुकलं?

आधी माझ्याविषयी थोडं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पुढचं आमच्या बाईंनाच येत नसावं. पण नाक, कान आणि डोळे मला असे मिळालेत की या घरात हरवलेली वस्तू आणि लपवलेली गोष्ट माझ्या हातून सुटत नाही. ह्यांची कवळी एकदा सकाळभर सापडत नव्हती. मी शोधून दिली. ती ह्यांच्या तोंडातच होती, पण तिथे बघायचं दुसऱ्या कुणाला सुचलं होतं का?

तर प्रकरण असं. मुलगा पडद्यांच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेतो. हात इतका नेमका की दोरा इकडचा तिकडे होत नाही. पण लोकांच्या घरात शिरायचं म्हणजे बूट दाराशी काढावे लागतात. एका घरी त्याने बूट काढले आणि बाईंनी माप घेण्याआधीच खिडकी उघडली. दुसऱ्या घरी पाचही खिडक्या उघडल्या. तिसऱ्या घरून दुकानात फोन गेला.

मालकाने त्याला बोलावलं. "आठ दिवस देतो. आठव्या दिवशी चौदा खिडक्यांचा बंगला आहे, तिथे मी स्वतः तुझ्याबरोबर येणार. तिथे वास आला, तर तू मागच्या खोलीत बसून पडद्यांना कड्या लावायच्या."

माझा मुलगा कड्या लावणार! तो ताटावर मान खाली घालून बसला होता. मी विचारलं, "मोजे रोज बदलतोस ना?"

"रोज. धुतलेलेच घालतो. जरा गार लागतात, एवढंच."

"गार लागतात म्हणजे स्वच्छ आहेत."

इथेच मी ताडलं की हे साधंसुधं प्रकरण नाही. मळलेल्या मोज्याला वास येणं हा त्याचा स्वभाव. धुतलेल्या मोज्याला वास येणं हा कट.

आमच्याकडची व्यवस्था माझी आहे, म्हणून चोख आहे. मोजे सून धुते, पण तिथून पुढे सगळं माझ्या नजरेखाली. मोजे मागच्या बोळातल्या दोरीवर घालायचे आणि वरून डबल चादर टाकायची. मोज्यांना रफू केलेलं असतं. रस्त्याने जाणाऱ्याने आमच्या घरची भोकं का मोजावीत? संध्याकाळी मी ते काढते, जोड्या लावून घट्ट गोळे करते आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दाबून भरते. झाकण असं बसवते की बाहेरचा वास आत जाता कामा नये.

म्हणजे जे काही घडत होतं, ते माझ्या हाती येण्याआधीच घडत होतं.

पहिल्या दिवशी मी न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसले. सून दचकली. "आई, काही हवंय का?"

"काही नको. मी इथे नाही असं समज."

"आई, मला काय वाटतं, ते मोजे नीट वाळ..."

"संशयिताने साक्ष द्यायची नसते."

ती गप्प बसली. मी ती कबुली धरली. साबण कमी पडत होता, दुसरं काय? दुसऱ्या दिवशी तिची पाठ वळताच मी बादलीत तीन मुठी पावडर जास्तीची टाकली. ते मोजे घालून गेलेला मुलगा दुपारीच परत आला.

"आई, जिना चढताना बुटातून फेस येतोय."

वास होताच. आता फेसही आला.

तपासाचा रोख बुटांकडे वळवला. मदतनीस म्हणून ह्यांना घेतलं. घरात रिकामं माणूस दुसरं नव्हतं.

"अहो, बूट हुंगा."

"मी?"

"नाक काय नुसतं चष्मा टेकवायला दिलंय?"

ह्यांनी हुंगलं, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बुटाला बुटाचा वास येतोय."

अशी साक्ष घेऊन कोर्टात कोण उभं राहणार? मी दोन्ही बुटांत खायचा सोडा भरला. सोडा वास ओढून घेतो आणि खरंच घेतो. फक्त सकाळी तो झटकून टाकायचा, हे मुलाला सांगायचं राहून गेलं. तो एका घरी निळ्या गालिच्यावरून दारापासून खिडकीपर्यंत पांढरी पावलं उमटवत गेला. दुकानात आणखी एक फोन. मालक म्हणाला, "तुला माप घ्यायला पाठवलं होतं, चुना मारायला नाही."

चार दिवस संपले. मुलगा जेवेना. सून माझ्याकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. मी रक्ताकडे वळले. आमच्या माहेरी कुणाच्या पायांना वास नव्हता. ह्यांच्या घराण्याचे पाय मात्र मी पस्तीस वर्षं ओळखून आहे.

"वास तुमच्याकडून आलाय," मी ह्यांना सांगितलं.

"मग मुलगा बदलून आणू का?" हे म्हणाले.

पाचव्या दिवशी बहिणीचा गुडघा सुजला म्हणून मला दोन रात्रींसाठी तिच्याकडे जावं लागलं. तपास अर्धवट टाकून गेले, जिवाला लागून राहिलं होतं. सातव्या दिवशी परत आले तर मुलगा दारात हसत उभा.

"आई, दोन दिवसांत कुणी एकही खिडकी उघडली नाही!"

मी चपला न काढता स्टुलावर बसले. डोक्यात सगळं लख्ख झालं. मी घरात असताना वास होता. मी गेले आणि वास गेला. याचा अर्थ एकच. गुन्हेगार माझ्यावर पाळत ठेवून होता आणि मी नाही असं बघून त्याने हात आखडता घेतला होता.

हे म्हणाले, "किंवा..."

"किंवा काय?"

"काही नाही. मी आपला मदतनीस."

"मग पुरावा आणा. मोज्यांचा डबा आणा."

डबा सुनेने आणला. मी झाकण काढलं. ह्यांनी उठून खिडकी उघडली.

"बघा! हे कुणी केलं?"

"आई, हे तुम्ही जायच्या आधीचे," सून हळूच म्हणाली. "तुम्हीच भरलेले."

"मग दोन दिवस त्याने काय घातलं?"

तिने आतून एक उघडी टोपली आणली. "हे. उलटेच धुतले, पिळून, बोटांच्या बाजूने चिमटा लावून पुढच्या गॅलरीत टांगले. उन्हात."

"पुढच्या? रस्त्याकडच्या?"

"हो."

"आणि चादर?"

"नाही घातली."

मी डब्यातला एक मोजा गालाला लावला. गार होता. ओला म्हणवत नव्हता, पण कोरडा म्हणायला जीभ रेटेना. मग टोपलीतला लावला. खडखडीत. नाकाशी नेला, तर कसलाच वास नाही.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते, आई. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, संशयिताने..."

"पुरे."

डब्यातले सगळे मोजे तिने पुन्हा धुतले आणि मी ते स्वतः पुढच्या दोरीवर टांगले. सगळ्या रस्त्याला रफू दिसत होतं. समोरच्या गॅलरीतली बाई बघत राहिली. मीही तिची दोरी बघितली. तिच्याकडच्या मोज्याला अंगठ्याएवढं भोक होतं आणि रफूचा पत्ता नव्हता. मी उरलेले मोजे सावकाश टांगले.

आठव्या दिवशी मुलगा बंगल्यावर गेला. दुपार सरेना. हे पेपर उलटा धरून वाचत होते. मी तेच भांडं तिसऱ्यांदा घासत होते. अखेर जिन्यावर पावलं वाजली.

"चौदाच्या चौदा खिडक्या बंद होत्या, आई! तिथल्या आजींना वारा सोसत नाही. मालक, मी आणि त्या, तीन तास एकाच खोलीत. मालक म्हणाला, पुढच्या बंगल्यावर एकटाच जा."

सून पदराने डोळे टिपत होती. हे माझ्याकडे बघत होते. मुलगाही बघायला लागला. तपास मी हाती घेतला होता, तेव्हा निकालही मीच द्यायला हवा होता. मी हात पुसले आणि सुनेला समोर उभं केलं.

"ऐक. तू निर्दोष सुटलीस. पुढची दोरी आजपासून तुझी. गुन्हेगार घरातलाच आहे, पण वयाने मोठं माणूस आहे, म्हणून मी नाव घेत नाही. तूही घेऊ नकोस."